मूकपटांची पाठशुद्धि

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळांत दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटाचा उपलब्ध भाग विद्यार्थ्यांना दाखविण्यांत आला. प्रास्ताविक व्याख्यान देण्याचें काम माझ्याकडे होतें. या विषयावर सामान्यतः जें सांगतात तेंच मीं सांगितलें. हा आपल्या चित्रपटकलेचा बाल्यकाळ; त्या काळीं पात्रें कळसूत्री बाहुल्यांप्रमाणें चालत, चेहरे पीठ फांसल्यासारखे दिसत, आकाश कोऱ्या कागदासारखें असे; तरी आद्य प्रवर्तकाची कृति म्हणून आपण तिचें कौतुक केलें पाहिजे, असा माझ्या बोलण्याचा मथितार्थ होता. खेळ सुरू झाला. राजा, राणी आणि राजपुत्र पडद्यावर भराभर हातवारे करूं लागले आणि सभागृहांत हंशा पिकला. त्या हंशांत मीहि सामील होतों. एकाच वस्तूचें कौतुक आणि उपहास एकाच वेळीं करण्यांत कांहीं विसंगति आहे, असें तेव्हां मला वाटलें नाहीं.

खेळ संपल्यावर भौतिकशास्त्राचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला आणि अदबीनें म्हणाला, “सर, यांतलें पाणी चुकतें आहे.” त्याचें म्हणणें मला प्रथम कळलेंच नाहीं. तेव्हां त्यानें तो भाग संगणकावर पुन्हां लावून दाखविला. राणी तारामती आपल्या सख्यांसह कुंडांत जलक्रीडा करीत आहे, असा एक प्रवेश त्यांत आहे. त्या प्रवेशांत वर उडालेलें पाणी खालीं येण्यास जितका वेळ लागावयास पाहिजे, त्याहून बराच कमी वेळ घेत होतें. “माणसें घाईनें चाललीं असतील, सर, पण पाणी घाईनें कसें पडेल?” असें म्हणून त्यानें चित्रांची गति सुमारें एक-तृतीयांशानें कमी केली. पाणी पाण्यासारखें पडूं लागलें. आणि त्याच क्षणीं हरिश्चंद्र राजासारखा चालूं लागला. त्याच्या हातवाऱ्यांत भारदस्तपणा आला, मानेच्या हालचालींत विचार दिसूं लागला. अभिनय माणसाला येतो, पाण्याला येत नाहीं; म्हणूनच त्या पाण्याची साक्ष मला खोटी ठरवितां येईना.

त्या दिवशीं घरीं परत येतांना मला स्वतःची लाज वाटत होती. वाङ्मय शिकविण्यांत माझें जवळजवळ सारें आयुष्य गेलें. जुन्या ग्रंथाविषयीं बोलतांना प्रत कोणती, पाठ कोणता, हा प्रश्न विचारल्यावांचून मी सहसा मत देत नाहीं. लेखकांच्या हातून ज्ञानेश्वरींत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांनीं शके १५०६ मध्यें तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, ही गोष्ट मी दरवर्षीं वर्गांत सांगतों. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ मध्यें आरंभिलें तें १९६६ मध्यें पुरें झालें. एका ग्रंथाचा पाठ ठरविण्यासाठीं विद्वानांच्या दोन पिढ्या खपल्या, हेंहि मी अभिमानानें सांगतों. आणि तोच मी एका चित्रपटाची भलत्याच गतीनें फिरणारी प्रत पाहून त्याच्या कर्त्याला बालिश ठरवून मोकळा झालों होतों! अपपाठ माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मीं तो मूळ कवीच्या माथीं मारला होता.

प्रस्तुत लेखांत मला जें म्हणावयाचें आहे तें एवढेंच कीं, मूकपटांवरील टीकेचा आरंभ पाठशुद्धीपासून झाला पाहिजे. आणि ती पाठशुद्धि करावयाची तर चित्रफितीचे गुणधर्म व तिची हाताळणी यांचें ज्ञान टीकाकाराला असलें पाहिजे. जुना चित्रपट पाहतांना जें आपल्याला खटकतें त्याचे तीन वर्ग पडतात. कांहीं गोष्टी फितीच्या प्रकृतींतून आलेल्या असतात, कांहीं प्रतीच्या विकृतींतून, आणि कांहीं खरोखरच कर्त्याच्या कृतींतून. पहिल्या दोन वर्गांचा निकाल लावल्यावांचून तिसऱ्यावर बोलण्याचा अधिकार टीकाकाराला प्राप्त होत नाहीं.

प्रथम फितीची प्रकृति पाहूं. ही फीत म्हणजे सेल्युलॉइडची पातळ, पारदर्शक पट्टी. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून आणि त्यांत कापूर मिसळून हें सेल्युलॉइड बनवीत. पट्टीच्या एका अंगास जिलेटिनाचा लेप असतो व त्या लेपांत चांदीच्या क्षाराचे सूक्ष्म कण असतात. प्रकाशाचा स्पर्श झालेले कण पुढें रसायनाच्या स्नानांत काळ्या चांदीचें रूप घेतात आणि चित्र उमटतें. एडिसनच्या प्रयोगशाळेंत डिक्सननें पट्टीची रुंदी ३५ मिलिमीटर व प्रत्येक चित्रामागें दोन्ही कडांस चार-चार भोंकें असें जें माप ठरविलें, तेंच पुढें जगभर रूढ झालें. या भोंकांत यंत्राचे दांते अडकतात व फीत एकेक चित्रानें पुढें सरकते. भोंकें एकसारख्या अंतरावर नसलीं कीं पडद्यावरील चित्र थरथरूं लागतें.

आज ही भोंकांची गोष्ट आपल्याला कारखान्याची बाब वाटेल. परंतु आपल्या पहिल्या चित्रपटाच्या बाबतींत ती घरांतली बाब होती. १९१२ मध्यें फाळके विलायतेस गेले आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा, कच्ची फिल्म व भोंकें पाडण्याचें यंत्र घेऊन परत आले. फिल्म भोंकांवांचून येई. काळोख्या खोलींत बसून ती भोंकें पाडण्याचें काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्याच्या कामींहि त्यांचा हात असे. पडद्यावरचें चित्र ज्या ठिकाणीं स्थिर राहिलें आहे तेथें त्या हातांचेंहि श्रेय आहे. उलट, आजच्या प्रतींत चित्र जेथें थरथरतें तेथें दोष त्यांचाच असेल असें मात्र नव्हे. जुनी फीत वर्षानुवर्षें आकसते, भोंकांमधील अंतर कमी होतें आणि ती नव्या यंत्राच्या दांत्यांवर नीट बसत नाहीं. प्रत करतांना हा कंप नव्या प्रतींत कायमचा उतरतो. एकच थरथर, पण तिचीं कारणें दोन; आणि टीकाकाराला तीं वेगळीं ओळखतां आलीं पाहिजेत.

आतां गतीचा प्रश्न. मूकपटाच्या काळीं कॅमेरा हातानें फिरवीत. दांड्याच्या एका फेऱ्यांत आठ चित्रें घेतलीं जात व सेकंदास दोन फेरे ही सामान्य चाल असे. म्हणजे सेकंदास सोळा चित्रें. एक फूट फितींतहि सोळाच चित्रें मावतात, त्यामुळें हिशेब सोपा होता: सेकंदाला एक फूट. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारें ३,७०० फूट लांबीचा होता. या हिशेबानें तो एका तासाहून थोडा अधिक चालला पाहिजे. १९२७ नंतर बोलपट आले. आवाजाला एकसारखी गति लागते, म्हणून सेकंदास चोवीस चित्रें हें प्रमाण ठरलें. त्या गतीच्या यंत्रावर हाच चित्रपट एकेचाळीस मिनिटांत संपतो. एखाद्या गवयाची बिलंबित चीज दीडपट लयींत ऐकवावी आणि मग त्याला ठेहराव नाहीं म्हणून हंसावें, तसाच हा प्रकार झाला. अर्थात् सोळा हा आंकडाहि वेदवाक्य नव्हे. कॅमेरा फिरविणाऱ्याचा हात कधीं मंद होई, कधीं जलद; चित्रपटगृहांतला यंत्रचालकहि आपल्या मर्जीनें वा मालकाच्या घाईनें गति वाढवी. म्हणून प्रत्येक प्रवेशाची गति त्या प्रवेशांतूनच शोधावी लागते: पडणारें पाणी, खालीं सोडलेला पदर, माणसाच्या हातून सुटलेली वस्तु यांवरून. छंदावरून ओंवीचा पाठ दुरुस्त करणाऱ्या संशोधकाला ही रीति मुळींच परकी वाटूं नये.

फितीच्या प्रकृतीचा दुसरा मोठा गुण म्हणजे तिची रंगांध दृष्टि. त्या काळची फिल्म निळ्या रंगाला अतिशय हळवी, हिरव्याला कमीअधिक जागी, आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी होती. याच आंधळेपणामुळें ती तांबड्या दिव्याच्या उजेडांत निर्धास्तपणें धुतां येत असे. परंतु त्याच कारणानें निळें आकाश पडद्यावर पांढरें फटफटीत दिसे व त्यांतील ढग नाहींसे होत. कपाळावरचें लाल कुंकू काळें होई, ओंठ काळवंडत, आणि आपल्याकडील गव्हाळ वर्ण, ज्यांत तांबूस व पिवळट छटा असतात, तो वास्तवाहून अधिक सांवळा उतरे. म्हणून नट चेहऱ्यास पांढरी रंगभूषा फांसून घेत. ज्याला मीं व्याख्यानांत ‘पीठ फांसल्यासारखा चेहरा’ म्हटलें, तो त्या नटांच्या अडाणीपणाचा नव्हे तर त्यांच्या शहाणपणाचा परिणाम होता. फितीचा डोळा कसा पाहतो हें ओळखून त्यांनीं आपला चेहरा त्या डोळ्यासाठीं रंगविला होता. सर्व रंग सारख्या न्यायानें पाहणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म ईस्टमन कोडॅकनें १९१३ च्या सुमारास तयार केली होती, पण ती नित्याच्या वापरांत आली १९२२ नंतर. आणि रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या ‘मोआना’ या १९२६ च्या चित्रपटानें तिचें सामर्थ्य सर्वांच्या नजरेस आणून दिलें. ही फिल्म तांबड्या दिव्यालाहि सहन करीत नाहीं, पूर्ण काळोखांत हाताळावी लागते. म्हणजे नव्या दृष्टीची किंमत कामगाराला अंधारांत चांचपडून द्यावी लागली.

तिसरी गोष्ट प्रकाशाची. ती फिल्म मंद होती, तिला भरपूर उजेड लागे. आणि आपल्याकडे भरपूर उजेड देणारा दिवा एकच होता, तो म्हणजे सूर्य. म्हणून राजवाड्याचें अंतर्गृहहि उघड्यावर उभारीत. अशा अंतर्गृहांत सांवल्या दुपारच्या असतात, आणि बंद महालांतले पडदे वाऱ्यानें फडफडतात. बाबूराव पेंटर यांनीं ‘सिंहगड’ या १९२३ च्या मूकपटांत कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला, त्याचें महत्त्व या पार्श्वभूमीवर कळतें. तोंवर आमच्या चित्रपटांतली रात्रहि उन्हांतच उजाडत होती.

मग रात्र दाखवीत कशी? येथें आपण फितीच्या प्रकृतीकडून प्रतीच्या विकृतीकडे येतों. मूकपट काळे-पांढरे असत, ही समजूत बव्हंशीं चुकीची आहे. तयार झालेली प्रत रंगाच्या पाण्यांत बुडवून काढण्याची चाल जगभर होती. रात्रीचा प्रवेश निळा, आगीचा तांबडा, दिव्याच्या उजेडांतला पिवळसर, असा संकेत प्रेक्षकांना परिचित होता. दुसऱ्या एका रीतींत चांदीचेंच रूपांतर करून काळ्या भागाला रंग आणीत. पुढें जुन्या प्रती झिजूं लागल्या, तेव्हां त्यांच्या ज्या नव्या प्रती काढल्या त्या बहुधा साध्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर काढल्या. रंग गेला, आणि रंगाबरोबर रात्रहि गेली. अशा प्रतींत चोर भर दुपारीं कंदील घेऊन हिंडतांना दिसतो आणि आपण दिग्दर्शकाला हंसतों. मूळ हस्तलिखितांतील लाल शाईचीं अक्षरें छापतांना गाळावीं आणि मग ग्रंथकाराला परिच्छेद पाडतां येत नव्हते म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार होय.

प्रतीवरून प्रत काढण्यांत आणखी एक हानि होते. मूळ फितींत काळा आणि पांढरा यांच्यामध्यें करड्या रंगाच्या अनेक पायऱ्या असतात. प्रत्येक नव्या प्रतींत त्यांतल्या कांहीं पायऱ्या नाहींशा होतात. काळें अधिक काळें होतें, पांढरें अधिक पांढरें. चार पिढ्यांनंतर चेहऱ्यावरची सुरकुती, डोळ्याखालची छाया, वस्त्राची वीण हीं सर्व पुसलीं जातात. मग आपण म्हणतों, या नटाच्या चेहऱ्यावर भाव नाहींत. शिवाय फीत यंत्रांत तुटते. तुटली कीं यंत्रचालक दोन्ही टोकें कातरून, खरडून चिकटवितो, आणि दर खेपेस कांहीं चित्रें गळतात. राजा बसलेला असतो आणि पुढच्या क्षणीं तो उभा दिसतो. मधलें उठणें कोठेंतरी केरांत गेलेलें असतें. पोथीचें पान उंदरानें कुरतडलें असेल तर आपण कवीला दोष देत नाहीं. येथें मात्र देतों, कारण कुरतडल्याची खूण पडद्यावर दिसत नाहीं.

आणि शेवटची विकृति म्हणजे मृत्यु. कापूस आणि कापूर यांपासून झालेली ही फीत जन्मतःच अल्पायुषी. उष्णतेनें व दमट हवेनें तिचें विघटन सुरू होतें. त्यांतून निघणारे वायु ओलाव्याशीं मिळून आम्ल बनवितात आणि तें आम्ल चित्रांतील चांदी खातें. प्रथम फीत पिवळट पडते व चित्र फिकटतें, मग लेप चिकट होतो, वेटोळीं एकमेकांस चिकटतात, वर मधासारखे बुडबुडे येतात आणि अखेरीस तपकिरी भुकटी उरते. आमच्या कोंकणच्या पावसाळ्याला ही क्रिया शिकवावी लागत नाहीं. शिवाय ही फीत पेट घेते ती आपला प्राणवायु आपल्यापाशीं बाळगून. म्हणून पाण्यांत बुडविली तरी ती जळत राहते. कोडॅकनें १९५१ च्या सुमारास तिचें उत्पादन थांबविलें व तिची जागा न भडकणाऱ्या ॲसिटेट फिल्मनें घेतली. तीहि काळांतरानें शिरक्यासारखा वास सोडीत मरते, हें पुढें कळलें. ८ जानेवारी १९०३ ची नव्हे, २००३ ची गोष्ट: पुण्यास जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारांतील कोठारांत ठेवलेल्या अशा शेंकडों रिळांना आग लागली आणि तीं जळून गेलीं. विसाव्या शतकाच्या आरंभींचा धोका एकविसाव्या शतकांत आपल्या दारांत पेटला. ज्वालांतून वांचलें त्यांतलें पुष्कळसें लोभानें नेलें; जुन्या फितींतली चांदी काढून विकण्याचा धंदा होताच. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण स्वरूपांत हातीं लागणारे बोटांवर मोजण्याइतके. बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ गेला. १९३१ चा पहिला हिंदी बोलपट ‘आलम आरा’ हाहि गेला.

जें राहिलें त्याचीहि ओळख निश्चित नाहीं. ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत त्याचें पहिलें आणि शेवटचें अशीं दोनच रिळें जपलेलीं आहेत. तींहि १९१३ च्या मूळ चित्रपटाचीं नसून फाळक्यांनीं १९१७ मध्यें तीच कथा पुन्हां चित्रित केली त्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ याचीं आहेत, असें कित्येक इतिहासकारांचें मत आहे. तें खरें असेल तर ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांनीं जें पाहिलें त्यांतलें एकहि चित्र आपण पाहिलेलें नाहीं. मीं त्या व्याख्यानांत ‘भारताचा पहिला चित्रपट आपण आतां पाहणार आहोंत’ असें जें वाक्य उच्चारलें, त्यांतला प्रत्येक शब्द वादग्रस्त होता; आणि त्यांतल्या एकाहि शब्दाविषयीं मला शंका आलेली नव्हती.

येथें एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, ‘रसिकाला शाई आणि कागद यांच्याशीं काय कर्तव्य? कलाकृति डोळ्यांपुढें आहे, तिचा आनंद घ्यावा व तिचें मोल ठरवावें.’ आक्षेप सुंदर आहे. पण जेथें कलाकृति डोळ्यांपुढें आहे तेथेंच तो लागू पडतो. खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या ऐकून, खांसाहेबांना राग विस्तारानें मांडतां येत नव्हता, असें कोणी जाणता म्हणत नाहीं. तबकडी किती वेळ वाजते हें तो जाणतो; इतकेंच नव्हे, तर एवढ्या अवकाशांत गवयानें काय गाळलें आणि काय राखलें यांतच त्याला त्याची प्रतिभा दिसते. माध्यमाची मर्यादा ही कलावंताला घातलेली बेडी असते तशीच त्याला दिलेला छंदहि असते. फितीचें ज्ञान हवें तें कलावंताला क्षमा करण्यासाठीं नव्हे. त्याचा न्याय करण्यासाठीं.

आणि न्याय म्हटला कीं दोषहि आलाच. पाठशुद्धि झाली, गति सुधारली, पांढऱ्या आकाशाचें व रंगविलेल्या चेहऱ्यांचें कारण कळलें. आतां उरलेल्या ‘हरिश्चंद्रा’त फाळक्यांचें म्हणून काय दिसतें? दिसतो तो प्रथम एक खरा दोष. पहिल्या प्रवेशांत राजा पुत्राला धनुर्विद्या शिकवीत आहे. राणी व इतर जन पाहत आहेत. सर्व पात्रें जवळजवळ एका ओळींत, प्रेक्षकांकडे तोंडें करून उभीं आहेत. पाटी आधीं कथा सांगते आणि मग दृश्य तिची साक्ष देतें. हा दोष फितीचा नव्हे. याच १९१३ सालीं, अशाच रंगांध फिल्मवर, स्वीडनमध्यें व्हिक्टर शेस्त्रम यांनीं ‘इंगेबोर्ग होल्म’ काढला. त्यांतहि कॅमेरा दूर आणि स्थिर आहे, परंतु पात्रें खोलीच्या पाठीमागच्या दारापासून पुढच्या मेजापर्यंत चित्राच्या खोलींत ये-जा करतात, आणि त्या ये-जा करण्यांतच कथा घडते. फाळके मूळचे चित्रकार व मुद्रक. रविवर्म्याच्या छापील चित्रांशीं त्यांचा व्यवसायानें संबंध आलेला. त्या चित्रांची समोरासमोरची मांडणी त्यांनीं जशीच्या तशी पडद्यावर नेली, असें मला वाटतें. कॅमेरा जवळ नेण्याची कला त्यांना अवगत नव्हती, असेंहि म्हणतां येत नाहीं. ‘कालियामर्दन’ या १९१९ च्या मूकपटाच्या आरंभीं त्यांनीं आपल्या सात वर्षांच्या मुलीचा, मंदाकिनीचा चेहरा जवळून दाखविला आहे; त्यावर एकामागून एक भाव उमटतात आणि मग ती कृष्ण होते. जो हें करूं शकत होता त्यानें ‘हरिश्चंद्रा’त तारामतीचा चेहरा दूर ठेवला, ही त्याची निवड होती, आणि घरगुती प्रवेशांत ती निवड फसली आहे.

परंतु तीच समोरासमोरची मांडणी शेवटच्या रिळांत सार्थ होते. देव प्रकट होतो तेव्हां प्रेक्षक नाटक पाहत नसतो, तो दर्शन घेत असतो. आणि दर्शन समोरूनच घ्यावयाचें असतें. आणि येथें फितीवरील फाळक्यांचें प्रभुत्व नजरेंत भरतें. विश्वामित्राच्या यज्ञांतील ज्वालांमध्यें तीन स्त्रीरूप शक्ति सांपडल्या आहेत, हा प्रसंग पाहावा. अशा करामतींत एकाच फितीवर दोनदां चित्रण करावें लागे. काळोखांत फीत मागें गुंडाळावयाची, दांड्याचे फेरे मोजावयाचे आणि पहिल्या चित्राच्या नेमक्या जागीं दुसरें बसवावयाचें. एक फेरा चुकला तर दोन्ही चित्रें वायां. आणि चूक झाली कीं नाहीं हें फीत धुतल्यावरच कळावयाचें. ज्या माणसानें एका बीजाला अंकुर फुटून वेल होईपर्यंत, रोज थोडें थोडें असें महिनाभर चित्रण केलें आणि त्या वाढीचा चित्रपट दाखवून भांडवल उभें केलें, त्याचाच हा धीर आहे. फाळक्यांची प्रतिभा पात्रांच्या मनांत शिरण्याची नव्हे. अदृश्याला दृश्य करण्याची आहे. आमच्या चुकीच्या गतीनें ती झांकली होती, कारण भरभर आलेला चमत्कार चमत्कार राहत नाहीं, केवळ हातचलाखी होतो.

असो. मीं आतां माझें व्याख्यान बदललें आहे. दरवर्षीं तोच भाग विद्यार्थ्यांना दाखवितों, पण आरंभ राजापासून करीत नाहीं. प्रथम कुंडांतलें पाणी दाखवितों, दोन्ही गतींनीं, आणि खरें पाणी कोणतें तें त्यांनाच विचारतों. मुलें न चुकतां ओळखतात. मग मी खेळ सुरू करतों. हंशा अजूनहि येतो. पण तो आतां पुरुषी तारामतीला पाहून येतो. तेवढा दोष अण्णा साळुंके यांनीं आणि फाळक्यांनीं आपसांत वांटून घ्यावा. फितीला त्याचा बोल लावतां येत नाहीं.